अठ्ठावीस टाके

रिसोडच्या बाजाराला लागून जी अरुंद गल्ली आहे, तिच्या टोकाला हुस्नाबानोचं घर आहे. त्या घरात येणाऱ्याला पाणी मिळतं, चहा मिळतो, पण त्याआधी त्याची झडती होते. हुस्नाबानो माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, अंगातल्या स्वेटरकडे बघते. खांदा कुठे उतरलाय, काख कुठे आवळलीय, खालची पट्टी कशी फाकलीय, हे तिला माणूस उंबऱ्यात असतानाच दिसतं. मग ती विचारते, "कोनं केलं हे?" उत्तर काहीही आलं तरी निकाल आधीच लागलेला असतो. करणारा गाढव, आणि घालणारा त्याहून मोठं गाढव. आपण तिला भीत नाही असं म्हणणारे गावात पुष्कळ आहेत, पण तिच्या दारावरून जाताना ते स्वेटर काढून हातावर घेतात.

खिडकीशी तिचं विणकामाचं मशीन आहे. लोखंडी स्टँडवर आडवी पट्टी, पट्टीत सुयांची लांब रांग, आणि त्या रांगेवरून इकडून तिकडे सरकवायची कॅरेज. कॅरेज एकदा सरकवली की सगळ्या सुयांवर एक ओळ विणून होते. बघणाऱ्याला वाटतं, यात काय मोठं, सरकवायचंच तर आहे. बघणाऱ्यांना जे जे वाटतं त्या सगळ्याचाच हुस्नाबानोला तिटकारा आहे, पण या एका वाटण्याचा जरा जास्तच.

कारण सरकवणं हे काम नव्हेच. काम त्याच्या आधी असतं. ज्या धाग्याचा स्वेटर करायचा त्याच धाग्याचा, मशीनचा, म्हणजे वीण घट्ट-सैल करायच्या चकतीचा, आकडा तोच ठेवून, आधी हातभर तुकडा विणायचा. विणताना कापडाला खाली वजनं टांगलेली असतात, त्यामुळे ते मशीनवर लांब आणि अरुंद दिसतं. खाली उतरलं की ते आखडतं आणि रुंदावतं. म्हणून तुकडा उतरवायचा, धुवायचा, सपाट वाळवायचा, एक रात्र कुणी हात न लावता पडू द्यायचा, आणि मग कडक टेबलावर ठेवून चार इंचांत किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजायचं. स्वेटरचं सगळं गणित त्या दोन आकड्यांवर उभं राहतं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच, फक्त शीत नीट शिजलेलं पाहिजे.

एवढं सोपं आहे, आणि एवढंही कुणी करत नाही, यावर हुस्नाबानोचं सगळ्या जगाविषयीचं मत आधारलेलं आहे. मशीनवर असतानाच टेप लावणारे आहेत; ते मूर्ख. तुकडा मांडीवर घेऊन मोजणारे आहेत, ते आळशी. धुण्याआधी मोजणारे म्हणजे पी हळद आणि हो गोरी. पण या सगळ्यांहून नीच जात तिच्या लेखी एकच आहे, ती म्हणजे तुकडा ओढणारे. ज्यांना आकडा आधीच ठरवून हवा असतो आणि तुकडा तो देत नाही, ते टेप लावताना अंगठ्यानं कापड हळूच सरकवतात. टाके हवे तेवढे मोजले जातात आणि स्वेटर दुसऱ्याच्या अंगावर रडतो. हा शब्द तिनं विणकामापुरता ठेवलेला नाही. निवडणुकीला उभा राहिलेला माणूस, सोयाबीनचा दलाल, वाटणीत गोड बोलणारा दीर, पोरीचं वय दोन वर्षांनी कमी सांगणारी विहीण, सगळ्यांना ती एकाच शब्दात निकालात काढते. "तुकडा वढनारा हाय तो." यापुढे त्या माणसाविषयी बोलणं नाही.

हुस्नाबानो मूळची अनसिंगची. लग्न होऊन रिसोडला आली ती रऊफ टेलरच्या घरात. रऊफ हा भला माणूस होता, म्हणजे हुस्नाबानोच्या भाषेत कशाचाच नव्हता. गळ्यात टेप टाकून जन्मला आणि टेप टाकूनच गेला. वाशीमला चतुराबाई नावाच्या एक बाई विणकामाचा क्लास चालवायच्या. त्यांनी क्लास बंद केला तेव्हा हे मशीन रऊफनं बायकोसाठी उचलून आणलं. चतुराबाईंनी तिला चार दिवस शिकवलं. माप कसं घ्यायचं विचारलं तर म्हणाल्या, अंदाजानं येतं हळूहळू. हुस्नाबानोनं त्यांचं नाव त्या दिवशी टाकलं.

पहिला स्वेटर तिनं रऊफचाच केला, आणि तोही मशीनवर टांगलेल्या कापडाला टेप लावून. खाली उतरवल्यावर तो लांबीला पोटापर्यंत आणि रुंदीला दोन रऊफ मावतील एवढा झाला. रऊफनं तो दोन हिवाळे घातला. दुकानात गिऱ्हाईक हसायचं, तो सुई ओवत राहायचा. "छान ऊब हाय" म्हणायचा. हुस्नाबानोला हसणाऱ्यांचा राग आला नाही, रऊफचा आला. ज्याला टेप कळतो आणि तरी चूक सांगत नाही तो नवरा कसला, असं ती अजूनही त्याच्या माघारी बोलून दाखवते. पण त्या स्वेटरनंतर तिनं तुकड्याशिवाय सुई हलवली नाही, आणि त्यानंतर तिचा स्वेटर कुणाच्या अंगावर चुकला नाही. शाळांचे मरून रंगाचे स्वेटर, बाळंतिणींचे, म्हाताऱ्यांचे, सगळे जिथल्या तिथे बसले. ती कुणाला घालून बघू देत नसे. मध्येच एकदा घालून बघावं का असं कुणी विचारलं की ती म्हणे, "अंग खोटं बोलते, तुकडा बोलत नाही. तयार झाल्यावर या."

थंडीत बसस्टँडजवळ तयार स्वेटरच्या गाड्या लागतात. स्वस्त, रंगीत, मऊ. लोक तिथं झुंबड करतात. हुस्नाबानो तिकडून जाताना मान वळवत नाही, पण घरी आली की अर्धा तास त्या गाड्यांवर बोलते.

रऊफ गेल्यावर घरात ती आणि मुलगा शाहिद राहिले. शाहिदचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याला मशीनमध्ये काडीचा रस नाही, त्यामुळे तो हुस्नाबानोच्या मते बापावर गेलेला. आणि मग दोन वर्षांपूर्वी कारंज्याहून सून आली, लायबा.

लायबाला मशीन हवं होतं. तिनं ते लपवलं नाही. सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती सुयांच्या रांगेसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अम्मी, मले शिकवा. मले हेच करायचं हाय." दागिने मागितले असते तर हुस्नाबानोनं हसून नाही म्हटलं असतं. मशीन मागितलं म्हणून तिनं अट घातली.

"तुकडा कर," ती म्हणाली. "नुस्ता तुकडा. जवा तुया तुकड्याचा आकडा बराबर निंघन, तवा मशीन तुही. तवरोक स्वेटरले हात नाही लावायचा."

दोन वर्षं लायबा तुकडेच करत राहिली. घरातली कामं आटोपली की बसायची, विणायची, धुवायची, वाळवायची, मोजायची आणि सासूच्या पुढे ठेवायची. हुस्नाबानो प्रत्येकात काहीतरी काढायची. मोजायची खूण वाकडी आहे. कडेचे टाके मोजले. वाळवताना कोपरा दुमडला. साबण जास्त झाला. सुरुवातीचे दोष खरे होते, हे सांगायला पाहिजे. नंतरचे शोधावे लागत होते, आणि शोधायला हुस्नाबानोसारखी बाई नसती तर सापडलेही नसते. नापास झालेला तुकडा ती चुलीजवळ भिरकवायची. त्यामुळे त्या घरात गरम पातेलं उतरवायला फडकं शोधावं लागत नसे. लायबा रोज स्वतःच्याच हातच्या तुकड्यांनी दुधाचं भगोनं उतरवायची आणि तोंडातून ब्र काढायची नाही. हुस्नाबानोला वाटलं, हीपण रऊफच्याच जातीची.

यंदा दिवाळी सरल्यावर केनवडचा जगदेव आला. घरची शेती असलेला जाडजूड माणूस, गावच्या भजनी मंडळाचा पुढारी. तालुक्याच्या भजन स्पर्धेत मंडळ उतरणार होतं आणि सगळ्यांना एकसारखे पांढरे, बिनबाह्यांचे स्वेटर हवे होते.

"भाबी, आवाज काही आपला एवढा खास नाही," जगदेव मोकळेपणानं म्हणाला. "म्हनून म्हटलं, दिसायले तरी चांगलं दिसलं पाह्यजे."

मंडळाचे नऊच्या नऊ जण माप द्यायला आले. हुस्नाबानोनं एकेकाच्या छातीला आणि पोटाला टेप लावला. ढोलकीवाल्या देवमनचं पोट मोजताना ती थांबली.

"देवाचं नाव घेता का नुस्ता परसाद खाता?"

देवमन लाजून हसला. तो लाजला हेही तिला आवडलं नाही.

पांढरा धागा अकोल्याहून आला. नेहमीचीच कंपनी, नेहमीचाच जाडेपणा. शाळांच्या मरून स्वेटरसाठी हुस्नाबानो वर्षानुवर्षं हाच धागा वापरते, मशीनचा तोच आकडा लावते आणि चार इंचांत अठ्ठावीस टाके धरते. तिला तो आकडा स्वतःच्या नावासारखा पाठ होता. तरीही नियम तो नियम. पांढऱ्याचा तुकडा करायलाच हवा होता, आणि ती करणारही होती. पण शाहिद जेवायला बसला होता, आणि जेवताना त्याच्या तोंडून निघालं, "अम्मी, दोन साल झाले. बसू दे तिले आता."

आपला मुलगा आपल्याविरुद्ध एक वाक्य बोलला याचा हुस्नाबानोला इतका संताप आला की ती उदार झाली.

"घे," तिनं पांढरं रीळ लायबाच्या पुढे ठेवलं. "याचा कर. बराबर निंघाला तं उद्याच मशीन तुही. शाहिदच्या समोर सांगून राह्यली मी."

लायबानं तुकडा केला. वजनं नीट वाटून लावली, खुणांना लाल धागा घेतला, धुऊन टॉवेलवर पसरला आणि रात्रभर खोलीचं दार लावून घेतलं. सकाळी तिनं तो टेबलावर सासूसमोर ठेवला.

"तीस फंदे," ती टाके मोजून दाखवत म्हणाली. "ओळीबी जास्त हायत, एकेचाळीस."

"अठ्ठावीस असते याचे."

"मरूनचे असते, अम्मी. हा पांढरा हाताले बारीक लागते. रंगानं धाग्यात फरक पडत असन."

हुस्नाबानोनं तुकडा जवळ ओढून घेतला आणि टेप लावला. पहिल्यांदा मोजले तेव्हा तीस आले. हे तिनं घराबाहेर कधी कुणाला सांगितलेलं नाही, पण तीसच आले. रंग बदलला की धागा बदलतो हे तिला लायबाच्या जन्माआधीपासून ठाऊक होतं. आणि हेही तिला त्याच क्षणी दिसलं की तीस म्हटलं तर उद्यापासून खिडकीशी दुसरी बाई बसेल, गिऱ्हाईक दुसऱ्या बाईला विचारत येईल, आणि आपण तांदूळ निवडत बसू. तिचा डावा अंगठा तुकड्याच्या कडेवर होता. तो थोडा बाहेर सरकला. फार नाही, ज्वारीच्या दाण्याएवढा असेल.

"अठ्ठावीस," ती म्हणाली. "मोजता येत नाही अजून तुले."

लायबा अंगठ्याकडे बघत होती. "अम्मी," ती हळू म्हणाली, "तुमी वढून राह्यल्या."

या घरात या शब्दाचा अर्थ काय होतो ते दोघींनाही माहीत होतं. हुस्नाबानोनं तुकडा उचलून चुलीकडे भिरकावला. "मले शिकवतं? ज्या मशीनवर तुया मायच्या लग्नाआंधी मी स्वेटर केले, त्या मशीनचं मले शिकवतं?" लायबानं तुकडा उचलला, पण पातेल्याखाली घातला नाही. झटकून आत आपल्या पेटीत ठेवून दिला.

आता कुणी म्हणेल, हुस्नाबानोनं मग गुपचूप स्वतःचा एक तुकडा करून घ्यायचा होता. तेवढी अक्कल तिला होती. पण तुकडा करायचा म्हणजे लायबाचं म्हणणं तपासायला घेतल्यासारखं झालं असतं, आणि तपासायला घेणं म्हणजे ते खरं असू शकतं असं मानणं. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही. जिनं उभ्या आयुष्यात तुकड्याशिवाय टोपीसुद्धा केली नाही, तिनं नऊ स्वेटर अठ्ठावीसच्या हिशेबानं मशीनवर चढवले.

आणि तिला कळत होतं. हे खोटं सांगून भागणार नाही, तिला स्वेटरच्या पहिल्याच पाठीला कळलं. कापड हातात आलं तेव्हा ते अंगासारखं नव्हतं, कुणा दुसऱ्याच्या अंगासारखं होतं, लहान. ती स्वतःला म्हणाली, धुतल्यावर सुटेल. हे वाक्य दुसऱ्या कुणी तिच्यासमोर म्हटलं असतं तर त्याला तिनं जिवंत सोडलं नसतं. धुतल्यावर सुटलं नाही. ती म्हणाली, अंगावर चढल्यावर बसेल. असं एकेक वाक्य म्हणत तिनं नऊ पाठी केल्या, नऊ पुढचे भाग केले, शिवले, घड्या घातल्या. लायबा येता-जाता त्या घड्यांकडे बघायची.

मंडळी स्वेटर न्यायला आली तो दिवस बाजाराचा होता. नऊ जण खोलीत मावेनात. जगदेवनं स्वेटर डोक्यातून घातला, खांद्यांपर्यंत आणला, आणि मग तो थांबला. खाली ओढला तर छातीवर ताणला, पोटापर्यंत आला आणि पोटाच्या उतारावरून हळूच वर सरकून बेंबीच्या वरती जाऊन बसला. देवमननं हात वर करून ढोलकी वाजवल्याची खूण केली, तर काखेतून शिवण उसवल्याचा आवाज आला. बाकीचे सात जण पांढऱ्या पोलक्यात कोंबल्यासारखे उभे होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते. देवाधर्माची माणसं ती. बाईचं मन दुखवू नये म्हणून श्वास धरून उभी होती.

"चांगले झाले, भाबी," जगदेव म्हणाला. "जरासे... गच्च हायत."

"धाग्याची ऊब लय हाय," देवमन म्हणाला.

त्यांच्या त्या सौजन्यानं हुस्नाबानोचं डोकं फिरलं. शिव्या दिल्या असत्या तर तिनं दोन परत दिल्या असत्या. इथं नऊ माणसं तिच्यावर दया करत होती, तीही पोटं उघडी टाकून. तिला दाराशी लायबा दिसली, हातात पाण्याचा तांब्या घेतलेली, आणि पुढचं वाक्य तिच्या तोंडून अगदी सहज निघालं.

"माही चूक नाही, जगदेवभाऊ. सूनबाई तुकडे करायले बसते मशीनवर. तिनं आकडा फिरवून ठेवला आन् मले सांगतलं नाही."

सगळ्यांनी लायबाकडे बघितलं. जगदेवनं मान हलवली, सगळ्या सासवांच्या आणि सगळ्या सुनांच्या बाबतीत पुरुष हलवतात तशी. शाहिद दुकानातून नुकताच जेवायला आला होता, तो बूट हातात घेऊन उभा राहिला.

लायबानं तांब्या खाली ठेवला. आत गेली आणि पेटीतून पांढरा तुकडा घेऊन आली. लाल खुणा जशाच्या तशा होत्या. तिनं तो टेबलावर ठेवला, हातानं सपाटसुद्धा केला नाही, शेजारी टेप ठेवला आणि दोन पावलं मागे सरली.

"हा याच धाग्याचा हाय. याच आकड्यावर केला, तुमच्या सांगन्यावरून," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर मोजा, अम्मी. मी हात नाही लावत."

मंडळी टेबलाभोवती गोळा झाली. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण मोजमाप चाललं की माणूस वाकून बघतोच. हुस्नाबानोनं टेप लावला. तीस होते. टेबलावर, उजेडात, सगळ्यांच्या नाकाखाली, धुतलेले आणि वाळलेले तीस. तिचा अंगठा कडेवर गेला. तिला वाटलं कुणीतरी आता ओरडेल. नऊ जोडी डोळे त्या अंगठ्यावर होते आणि एकालाही तो दिसला नाही. तो ओळखणारी दोनच माणसं जिल्ह्यात होती, आणि दोघीही याच खोलीत होत्या.

"अठ्ठावीस," हुस्नाबानो म्हणाली.

"अठ्ठावीस म्हंजे बराबर नं?" जगदेवनं विचारलं.

"बराबर. धाग्यात खोट नाही. हातात हाय."

झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली. हुस्नाबानोनं मान वर केली. लायबा भांडेल, रडेल, कुराणाची शपथ घेईल, अशी तिची तयारी होती आणि त्या प्रत्येकावर तिच्याकडे उत्तर होतं. लायबा यातलं काही करत नव्हती. ती सासूकडे बघत होती. रागानं नाही. गाडीवरचा स्वेटर घालून आलेल्या, वर तो किती चांगला हे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं, आणि आता याला काय समजावून सांगायचं म्हणून गप्प बसावं, तसं ती बघत होती.

"हो," लायबा म्हणाली. "अठ्ठावीसच हायत. माहीच चूक झाली." आणि ती चहा टाकायला आत गेली.

हुस्नाबानोकडे तोवर कुणी असं बघितलेलं नव्हतं. लोक तिला खडूस म्हणत, तोंडाळ म्हणत, ते तिला बढतीसारखं वाटे. लोकांच्या मताला किंमत द्यायला लोकांना काही कळावं लागतं, असा तिचा साधा हिशेब होता. पण या पोरीला कळत होतं. दोन वर्षं तुकड्यांमागून तुकडे करून घेऊन तिनंच तिला कळायला लावलं होतं. त्या दिवशी पाहुणे गेल्यावर तिला घास उतरला नाही. तिला लाज वाटली, आणि लाज वाटण्याची सवय नसल्यामुळे तिला ते पित्त वाटलं.

नऊ स्वेटर तिनं उसवले. धागा धुतला, पुन्हा रिळांवर गुंडाळला, आणि या वेळी स्वेटर तीसच्या हिशेबानं विणले. मंडळ स्पर्धेत शेवटून दुसरं आलं, पण स्वेटर असे बसले होते की फोटो काढणाऱ्यानं जगदेवला दोनदा पुढे बोलावलं. जगदेवनं पेढे आणले आणि दारातूनच सांगितलं, "भाबी, या बारीनं तुमी स्वतः लक्ष देल्लं, म्हनून जमलं." लायबानं पेढ्यांचा पुडा त्याच्या हातातून घेतला आणि बशीत काढला.

जगदेव गेल्यावर घरात दोघीच होत्या. हुस्नाबानो मशीनवरून उठली. स्टूल मागे सरकवलं, त्यावरची धूळ पदरानं पुसली. असलं काही तिनं कुणासाठी कधी केलेलं नव्हतं.

"बस," ती म्हणाली. "आजपासून मशीन तुही."

लायबा मेथी निवडत होती. तिनं एक काडी मोडली. "कायले, अम्मी? मले फंदे मोजता येत नाही. हातात खोट हाय माह्या."

हुस्नाबानोनं पदराची धूळ झटकली. मग बोलली, आणि तिला स्वतःचा आवाज परका वाटला. "तीस होते."

"मले माहीत हाय."

"मंग बस नं."

"मले सांगून काय करता?" लायबानं निवडलेली मेथी पाण्यात टाकली. "मले तं तवाच माहीत होतं. जगदेवकाकाले सांगा. देवमनले सांगा. केनवडले जाऊन सांगा त्या नऊ जनाइले, का तीस होते आन् तुमी वढले. मंग बसते मी."

तिचा आवाज चढला नाही. उठून तिनं भाजी फोडणीला टाकली.

त्या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. लायबा शाहिदच्या दुकानात बसते. फुटलेल्या मोबाइलच्या काचा बदलते. हात एवढा स्थिर आहे की शेजारच्या मालेगावहून लोक तिच्याकडे मोबाइल घेऊन येतात. हुस्नाबानो खिडकीशी मशीनवर असते. तुकडा विणते, धुते, वाळवते, मोजते, आणि मोजून झाल्यावर हल्ली पुन्हा मोजते, कारण आकडा कुणाला दाखवावा असं कुणी घरात उरलेलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती अजूनही नावं ठेवते, फक्त एक शिवी तिच्या तोंडातून गेली आहे. दलाल आता नुसता चोर असतो, दीर नुसता हलकट.

रिसोडहून केनवडला एसटी आहे, काळीपिवळी आहे, बाजाराच्या दिवशी तर उभ्यानंही जाता येतं. हुस्नाबानो अजून गेलेली नाही.